या वेळी मामंजींना न्यावं की नको?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाई (त्या त्यांना आत्याबाई म्हणतात) स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेल्या. डॉक्टरांनी तीन-चार महिने सांगितले होते, तसंच घडलं. आता घरात सासरे आहेत, मामंजी, वय ७९. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन पुढं भातशेती केलेला माणूस. त्यांचं हृदय कमजोर आहे, पंपिंग २५ टक्के. गेल्या चौदा महिन्यांत चार वेळा बेळगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. चारही वेळा "नातेवाइकांना बोलावून घ्या" म्हणून सांगितलं, पुण्याहून दीर आले, मुंबईहून नणंद आली, आणि चारही वेळा मामंजी घरी परत आले. शेवटच्या खेपेला सहा दिवस आयसीयूत होते. नळ्या उपसतात म्हणून हात बांधले होते. घरी आल्यावर एका रात्री पाणी द्यायला गेलेल्या सुनेला ते म्हणाले, "बाई, आता परत तिकडं नको न्हेऊस मला." ताईंनी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. दीर फोनवरून म्हणतात, "काही झालं तरी व्हेंटिलेटर लावा, पैशाचं मी बघतो." ताईंचे मालक गप्प असतात. शिवाय ताईंची स्वतःची आई, ८३ वर्षांची, वडगावला भावाकडे आहे. तिला स्मृतिभ्रंश आहे, कुणाला ओळखत नाही, बारीक होत चालली आहे, पण वेणी घालायला बसलं की अजून मान पुढं करते.

ताई विचारतात: "आत्याबाईंच्या वेळी निदान कळत तरी होतं. मामंजींचं कुणी काहीच नेमकं सांगत नाही. पुढच्या वेळी नेलं तर त्यांचा शब्द मोडला, नाही नेलं तर मीच मारलं असं होईल. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. "आत्याबाईंच्या वेळी निदान कळत तरी होतं." तुम्हाला वाटतंय की मामंजींच्या डॉक्टरांना कळत नाही, किंवा कळतंय पण ते सांगत नाहीत. मी ३१ वर्षं वॉर्डात परिचारिका म्हणून काढली. डॉक्टर घरच्यांपासून लपवतात असे प्रसंग मी पाहिलेत, नाही म्हणत नाही. पण तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. या दोन आजारांची चालच निराळी आहे.

आत्याबाई आठवा. तुम्हीच लिहिलंय की गौरी-गणपतीला त्यांनी स्वतः करंज्या तळल्या आणि संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. कॅन्सर पुष्कळदा असा असतो. माणूस बराच काळ आपल्या पायावर असतो, आणि मग काही आठवड्यांत, दोन-चार महिन्यांत एकदम उतार लागतो. तो लागला की सहसा थांबत नाही, म्हणून तिथं डॉक्टरांचा अंदाज बराचसा खरा ठरतो.

मामंजींची वाट चोर्ला घाटासारखी आहे. गोव्याकडे उतरताना गाडी एकदम खाली जाते, मग एखाद्या वळणावर थोडा चढ लागतो, सपाटी येते, वाटतं उतार संपला, आणि पुढच्या वळणाला परत खाली. कमजोर हृदयाचं असं असतं. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या आपल्या बायकांच्या खराब फुप्फुसांचं असं असतं, यकृताचं, किडनीचंही. प्रत्येक घसरण जीवघेणी ठरू शकते आणि प्रत्येक घसरणीतून माणूस वरही येऊ शकतो. त्यातली शेवटची कुठली, हे ती होऊन गेल्यावरच कळतं. तेव्हा चार वेळा नातेवाईक बोलावले ते उगीच नव्हे. चारही वेळा मामंजी जाऊ शकत होते.

आणि तुमची आई एप्रिल-मेमधली मलप्रभा आहे. कालचं पाणी आणि आजचं पाणी यांत फरक दिसत नाही. पण शिमग्याला जिथं गुडघाभर पाणी होतं तिथं मेअखेरीस डबकी उरतात. "आजार असा काही नाही" असं भावाला सांगतात, पण ही झीज हाच आजार आहे.

तुमच्या एका घराण्यात म्हातारपणीच्या मरणाच्या तीन वाटा एकदम आल्या. हे तिन्ही नमुने अमेरिकेतल्या जोआन लिन या डॉक्टरांनी २००३ साली नीट मांडले, आणि म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या जगभरच्या लोकांना आपण रोज बघतो त्याचं चित्र हाती आलं. नंतर २०१० मध्ये न्यू हेवन या गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या लोकांचा एक अभ्यास छापून आला. बरीच वर्षं माग ठेवून, त्यातल्या वारलेल्या ३८३ जणांचं शेवटचं वर्ष कसं गेलं ते पाहिलं होतं. म्हातारपणाच्या झिजेनं गेलेले सर्वांत जास्त, १०७. कॅन्सरनं ७४. आणि अचानक, चालता-बोलता गेलेले किती? दहा. आपण सगळेच पांडुरंगाकडे मागतो ते मरण ३८३ मध्ये दहा जणांना मिळालं. तो परदेश आहे, आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, पण ते दहा मला फार दिवस विसरता आले नाहीत. आपण घराघरांत तयारी करतो ती त्या दहांसारख्या मरणाची, म्हणजे काहीच तयारी करत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच अभ्यासात असंही दिसलं की आजाराच्या नावावरून एखाद्याचं शेवटचं वर्ष कसं जाईल हे नेमकं सांगता येत नाही, स्मृतिभ्रंश तेवढा अपवाद. तेव्हा मी दाखवलेल्या वाटा म्हणजे विधिलिखित धरू नका. पण "किती दिवस?" या प्रश्नाला उत्तर नसताना "कुठली वाट?" एवढं कळलं तरी माणूस चाचपडायचा थांबतो.

आता दीर. त्यांचं म्हणणं असं असणार की चार वेळा परत आले, पाचव्यांदाही येतील. ऐकायला चूक वाटत नाही. पण ते आले का, एवढंच बघून चालत नाही. काय घेऊन आले ते बघा. तुमच्या पत्रात ते विखुरलेलं आहे, मी फक्त एका ओळीत ठेवते. पहिल्या खेपेनंतर मामंजी बांधापर्यंत जात होते. दुसऱ्या खेपेनंतर देवळापर्यंत, तेही मध्ये कट्ट्यावर बसत. तिसऱ्यानंतर अंगणात. चौथ्यानंतर न्हाणीघरापर्यंत, तुमच्या खांद्याला धरून. बांध, देऊळ, अंगण, न्हाणी. दिरांनी प्रत्येक वेळी फक्त "घरी आले" एवढं ऐकलं. ही ओळ त्यांनी ऐकलेली नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हीसुद्धा सलग वाचलेली नसावी.

पुढच्या वेळी बेळगावला दाखवायला न्याल तेव्हा ही ओळ डॉक्टरांना सांगा आणि "किती दिवस" विचारण्याऐवजी असं विचारा: "डॉक्टर, येत्या वर्षभरात मामंजी गेले, तर तुम्हाला नवल वाटेल का?" या प्रश्नाला तारीख सांगावी लागत नाही, म्हणून डॉक्टर सहसा खरं उत्तर देतात. "नाही, नवल वाटणार नाही" म्हणाले, तर पुढचं बोलणं तिथूनच सुरू करा.

तुमच्या मनात एक गाठ बसली आहे. दवाखान्यात नेणं म्हणजे उपचार आणि घरी ठेवणं म्हणजे मरू देणं, अशी ती गाठ. ती सोडवायला हवी. मामंजी काय म्हणाले? "परत तिकडं नको." तिकडं म्हणजे कुठं, हे त्यांना विचारलंत का? दवाखान्यात मिळणाऱ्या गोष्टी एकजात सारख्या नसतात. फुप्फुसात पाणी भरून जीव कासावीस होतो तेव्हा लघवीचं इंजेक्शन आणि थोडा ऑक्सिजन यांनी दोन तासांत माणूस आडवा होऊन झोपू शकतो. एवढं करून वॉर्डातून कधीकधी दोन दिवसांत घरी येता येतं, कुठंकुठं दिवसभरातही. छाती दाबणं, घशात नळी घालून मशीनवर ठेवणं, आठवडा आयसीयूत काढणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिलीला कदाचित त्यांची ना नसेल. त्यांना भीती दुसरीची असेल, असं मला वाटतं, पण वाटून उपयोग नाही, विचारायलाच हवं.

असं का वाटतं ते सांगते. फार वर्षांपूर्वी मी नोकरीला होते तिथं एक आजोबा होते, मामंजींच्याच वयाचे. नाकातली नळी ओढत होते म्हणून गॉजच्या पट्ट्यांनी त्यांचे हात कॉटच्या दांडीला बांधले. बांधणारी मीच. चौथ्या दिवशी त्यांची मुलगी आली, मी शेजारी उभी राहून तासभर पट्ट्या सोडल्या. मला वाटलं, लगेच नळीला हात घालतील. त्यांनी पहिल्यांदा उशाशी चाचपलं. चष्मा शोधत होते. चार दिवस त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, दिवस की रात्र कळत नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मुलीनं पिशवीतून चष्मा काढून लावला, तेव्हा त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि नळीला हात लावला नाही. त्यानंतर मी ज्यांचे ज्यांचे हात बांधले त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र आधी विचारलं. तुम्हीही, न्यायची वेळ आलीच, तर मामंजींचा चष्मा आणि कवळी पिशवीत घाला. म्हातारं माणूस आयसीयूत बरळायला लागतं त्याला आजाराबरोबर हेही एक कारण असतं.

व्हेंटिलेटरबद्दल आणि छाती दाबण्याबद्दल दिरांना एक आकडा सांगा. अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांचा एक फार मोठा अभ्यास २००९ मध्ये आला. दवाखान्यात असतानाच ज्यांचं हृदय थांबलं आणि छाती दाबून ते चालू करायचा प्रयत्न झाला, त्यांच्यातले साधारण १८ टक्के जिवंत बाहेर पडले. यात ६५ वर्षांचे धडधाकटही आले. न्हाणीपर्यंत खांद्याला धरून जाणाऱ्या, २५ टक्के पंपिंगच्या ७९ वर्षांच्या माणसाला त्याहून कमीच आशा. सिनेमात दाखवतात तसं माणूस दोन मिनिटांत उठून बसत नाही. बरगड्या मोडतात, हे मी माझ्या तळहाताखाली अनुभवलंय.

पण नुसता आकडा ऐकवून दीर बदलणार नाहीत. ते दुष्ट नाहीत हो. वर्षातून दोनदा येणाऱ्या मुलाला बापाची घसरण दिसत नाही, फक्त फोन वाजताना दिसतो. "पैशाचं मी बघतो" यात लांब राहिल्याची बोच आहे. त्यांच्याशी फोनवर वाद घालू नका. कुणी सिरियस नसताना त्यांना चार दिवस बोलावून घ्या, आणि रात्री मामंजींच्या खोलीत झोपू द्या. रात्री दोनला बाप उठून बसतो, उशा मागतो, खिडकी उघडायला लावतो. हे एकदा बघितलं की पुढचं बोलणं सोपं होईल.

आणि ताई, हे सगळं तुमच्या एकटीच्या माथ्यावर का? मामंजींनी तुम्हाला सांगितलं, कारण रात्री पाणी द्यायला तुम्हीच जाता. तो तुमच्यावरचा विश्वास आहे. पण तो शब्द पदरात बांधून ठेवलात तर उद्या ऐन वेळी तो कुणी खरा मानणार नाही. सून सोयीचं बोलते म्हणतील. माझ्यासमोर असं झालेलं आहे, कॅज्युअल्टीच्या दारात, सख्ख्या भावाभावांत. तेव्हा तो शब्द लवकर मुलांच्या कानावर जायला हवा, आणि मामंजींच्याच तोंडून.

मालकांना आधी तुम्ही सांगा, रात्री, दोघंच असताना. मग दीर आले की मामंजी जेवून जरा ताजे असतील अशा वेळी, सकाळी दहा-अकराला, दोन्ही मुलं त्यांच्याजवळ बसू देत. कसं विचारायचं म्हणून अडू नका. मोठ्या मुलानं एवढंच म्हणावं, "आप्पा, मागच्या खेपेला तुम्हाला लई त्रास झाला. पुढं परत दम लागला तर आमी काय करू? तुमचं काय म्हणणं हाय?" आणि मग गप्प बसावं. हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड असतं. आपली माणसं लगेच म्हणतात, "असं काय बोलताय, तुम्हाला काय होत नाही." त्या वाक्यानं म्हाताऱ्या माणसाचं तोंड कायमचं बंद होतं. मामंजी लष्करात होते, मरणाबद्दल बोलायला ते घाबरत नसावेत. तुम्ही सगळे घाबरता म्हणून ते रात्री अंधारात सुनेला सांगतात.

"मीच मारलं असं होईल का?" नाही. शुद्धीवर असलेल्या, समजत असलेल्या माणसाला एखादा उपचार नको म्हणायचा हक्क आहे आणि त्याचं ऐकणं हा गुन्हा नाही. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवता येईल असं सांगितलं. तेव्हाची पद्धत फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानंच ती सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करून घेतला की पुरे. स्वतःला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, त्यांची नावंही त्यात घालतात, एकाहून जास्त घालता येतात. मामंजींनी दोन्ही मुलांची घालावीत, आणि जमलं तर तुमचंही. कर्नाटकच्या आरोग्य खात्यानं ३० जानेवारी २०२५ ला याबाबतचा आदेश काढला, म्हणजे आपल्या भागातल्या दवाखान्यांनाही तो लागू आहे. मशीन लावल्यानंतर ते काढायचं ठरलं तर दवाखान्याला डॉक्टरांची दोन मंडळं नेमून त्यांचं मत घ्यावं लागतं. म्हणून मी म्हणते, लावायचं की नाही हे आधी ठरवा.

कागद मराठीत लिहा, मामंजींना वाचता येईल असा. दवाखान्यात दाखवायला कन्नड किंवा इंग्रजी प्रत सोबत ठेवा. आणि सीमाभागातल्या माझ्या सगळ्याच वाचकांना सांगते: रात्री-अपरात्री कन्नड किंवा इंग्रजी फॉर्म पुढं येतो आणि "इथं सही करा" म्हणतात. न समजता सही करू नका. "यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा" म्हणायला लाजू नका. वॉर्डात मराठी कळणारी एखादी सिस्टर, वॉर्डबॉय सापडतोच. विशेष करून "सही करून घरी नेलं" म्हणतात तो कागद. त्यात बहुतेक वेळा 'डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहोत' असं असतं, आणि मग घरच्यांना जन्मभर गुन्हा केल्यासारखं वाटतं, शिवाय घरी द्यायची औषधंही कुणी लिहून देत नाही. त्याऐवजी म्हणा, "आम्हाला घरी त्रास कमी ठेवायची औषधं लिहून रीतसर डिस्चार्ज द्या." बेळगावात सिव्हिलला किंवा तुम्ही जाता त्या दवाखान्यात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे न बरं होणाऱ्या आजारात त्रास कमी ठेवणारी सेवा, बघणारं कोण आहे हे आत्ताच विचारून ठेवा. मामंजी माजी सैनिक आहेत, तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्येही विचारा.

घरी काय करायचं, तेही सांगते, कारण पाचवी खेप लांबवायचं बरंचसं तुमच्या हातात आहे. साधा वजनकाटा आणा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन बघून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय; दम लागायची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. लघवीची गोळी अशा वेळी किती वाढवायची, हे त्यांच्याकडून आधीच लिहून घेतलंत तर पुष्कळदा दवाखाना गाठावाच लागणार नाही. मनानं मात्र गोळी वाढवू नका. उशा मोजा: एका उशीवर झोपणारा माणूस तीन उशा मागायला लागला तर ती खूण आहे. अंगठ्यानं नडगीवर दाबून खड्डा राहतो का बघा. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद. जेवताना वरून मीठ नको. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या अजिबात नकोत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी अंगात पाणी धरतं, आणि कमजोर हृदयाचा माणूस त्यानं चार दिवसांत दवाखान्यात जातो. तुमच्या दुसऱ्या खेपेच्या आधी असंच झालं असावं. तुम्ही लिहिलंय, रोपलागणीच्या दिवसांत पाय दुखत होते म्हणून कुणीतरी गोळ्या आणून दिल्या होत्या. तुम्हाला दोष देत नाही. ही गोष्ट कुणी सांगतच नाही.

कशासाठी न्यायचं, तेही ठरवून ठेवा. पडले, हाड मोडलं, ताप आला, लघवी अडली, तर न्यायचं, कारण तो त्रास घरी काढता येत नाही. दम लागला तर आधी डॉक्टरांनी लिहून दिलेलं घरचं करायचं, बसतं करायचं, खिडकी उघडायची, छोटा पंखा तोंडावर धरायचा. पंख्याच्या वाऱ्यानं दम खरोखर कमी वाटतो. फार कासावीस होत असेल तर अगदी थोड्या मात्रेतलं मॉर्फिन उपयोगी पडतं. नाव ऐकून घाबरू नका, कायद्यानं ते मिळतं. २०१४ मध्ये कायदा त्यासाठीच सुटसुटीत केला. मात्र प्रत्येक मेडिकलात ते नसतं, मान्यता असलेल्या दवाखान्यातूनच घ्यावं लागतं, म्हणून लागायच्या आधी विचारायचं. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मामंजींच्या कॉटजवळ भिंतीवर लावा: आधी काय, मग काय, फोन कुणाला, गाडी कुणाची. रात्री दोनला कुणाचंच डोकं चालत नाही.

आणि ते घरीच गेले, तर पोलिसांचं काही लचांड होत नाही, ही भीती गावागावांत आहे म्हणून लिहिते. शेवटच्या आजारात जे डॉक्टर बघत होते त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यायचा आणि २१ दिवसांत नोंद करायची. गावातल्या डॉक्टरांना आत्ताच दोन-तीन वेळा घरी आणा, म्हणजे तो दाखला ते देऊ शकतील. शेवटच्या दिवसांत खाणं सुटेल. खात नाहीत म्हणून ते जाणार नाहीत, शरीर आवरतं घेत असतं म्हणून ते खात नसतील. ओठ ओले ठेवा, कापसानं, तुळशीच्या पाण्यानं. जबरदस्तीनं पेज घालू नका, ती फुप्फुसात जाते.

हेच आईचंही आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही चारच ओळी लिहिल्यात. भावाला सांगा की पुढं कधीतरी गिळता येईनासं होईल आणि कुणीतरी नाकातून नळी घालू म्हणेल. स्मृतिभ्रंशाच्या त्या टप्प्यावर नळीनं आयुष्य वाढतं असं दिसत नाही, आणि निमोनियाही टळत नाही. बसवून, चमच्या-चमच्यानं, दुधात कुसकरलेली भाकरी जेवढी जाईल तेवढी द्यावी. ती पडू नये म्हणून रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा ठेवा, ओल्या फरशीवर पोतं टाका. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर वर्षभरात पाचांतला एक, कुठंकुठं तिघांतला एक माणूस जातो.

पंधरा दिवसांतून एकदा वडगावला जाता आणि दोन तासांत परत निघता, असं लिहिलंय. पुढच्या वेळी खोबरेल आणि फणी घरून न्या. भावजयीला स्वयंपाकाचं बघू दे, तुम्ही आईच्या मागं बसा. केसांत गुंता असेल, वेळ लागेल. त्या दिवशी संध्याकाळची खानापूरची गाडी सोडून द्या आणि मुक्काम करा. मामंजींच्या खोलीत त्या रात्री तुमचे मालक झोपतील, आणि पाणी तेच देतील.